गाणे ऐकण्यासाठी वेगळा म्युझिक प्लेअर घ्यावा की फोनच पुरेसा आहे?

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षे मी आठवड्यातून तीन दिवस पुण्याहून मुंबईला रेल्वेने जातो आणि त्याच दिवशी परततो. पासधारकांच्या डब्यात पत्ते, राजकारण आणि झोप यांपैकी कशातच मला फारशी गती नाही. त्यामुळे जाता-येता मिळून जे सहा-साडेसहा तास हाती उरतात, त्यांतले निम्मे तरी मी गाणे ऐकण्यात घालवतो.

माझे ऐकणे बहुतांशी शास्त्रीय गायनाचे आहे. वडिलांनी ऐंशीच्या दशकात मित्रांच्या घरच्या बैठका आणि गणेशोत्सवातले कार्यक्रम कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. अशा 160 कॅसेट, जवळजवळ सगळ्या 90 मिनिटांच्या, मी गेल्या दोन वर्षांत संगणकावर उतरवल्या. त्यांत श्रोत्यांचा खोकला आहे, कपबशांचा आवाज आहे, एका यमनात तर मागच्या गल्लीतला कुत्रा समेच्या बरोबर दोन मात्रा अलीकडे भुंकतो. पण ही ध्वनिमुद्रणे दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. शिवाय दीडशेच्या आसपास सीडी आहेत. सगळे फ्लॅक, म्हणजे आवाजातले काहीही न गमावता फाइल आवळणाऱ्या स्वरूपात साठवले आहे आणि त्याचा पसारा 140 जीबी झाला आहे.

माझ्या फोनची साठवणूक 128 जीबी आहे, त्यातली 70 जीबी जागा छायाचित्रे आणि कार्यालयाच्या कागदपत्रांनी व्यापली आहे, मेमरी कार्डाची खाच नाही आणि इअरफोनचे गोल छिद्रही नाही. ब्लूटूथ इअरफोन वापरतो, परंतु परतीच्या प्रवासात लोणावळा येईपर्यंत त्यांची बॅटरी मान टाकते. ऑनलाइन ऐकावे म्हटले तर कर्जत सोडल्यानंतर घाटातल्या बोगद्यांमध्ये नेटवर्क इतक्या वेळा जाते की ख्यालाचे तुकडे गोळा करत बसावे लागते. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे व्यत्यय. गेल्या मंगळवारी जौनपुरीचा विलंबित ख्याल ऐकत असताना गायक समेवर येण्याच्या नेमक्या क्षणी त्याचा आवाज दबला, आणि पार्सल घेऊन कुणीतरी माझ्या दारात उभा असल्याची सूचना टिंग करून वाजली.

म्हणून केवळ गाणी वाजवणारा वेगळा प्लेअर घ्यावा, असे मनात आहे. माझी मर्यादा पंधरा हजार रुपयांची आहे. दुकानात चौकशी केली तेव्हा विक्रेत्याने आवाजातला फरक जमीन-अस्मानाचा असल्याचे सांगितले. तो खरोखर तेवढा असतो का? आणि दोन उपकरणे सांभाळण्याचा, दोन्हींना रोज चार्जिंगला लावण्याचा उपद्व्याप काही महिन्यांनी नकोसा होतो का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांचा अनुभव वाचायला आवडेल. "दोन्हींचे आपापले फायदे आहेत" एवढे कृपया सांगू नये, ते मलाही ठाऊक आहे.

ओहम

आधी आवाजाचे बोलतो, कारण सर्वांत जास्त पैसे त्याच्याच नावावर घेतले जातात.

आवाज डिजिटल स्वरूपात साठवलेला असतो तेव्हा तो निव्वळ आकडे असतो. त्या आकड्यांचे विद्युतलहरीत रूपांतर करणारी एक चिप लागते, जिला सगळे डॅक म्हणतात, आणि ती लहर इअरफोनला पेलेल इतकी सशक्त करणारा एक छोटा ॲम्प्लिफायर लागतो. वेगळ्या प्लेअरमध्ये या दोन गोष्टी जरा अधिक काळजीने बसवलेल्या असतात, हे खरे आहे. परंतु ज्या फोनला गोल छिद्र नसते, त्याच्या टाइप-सी खाचेत लावण्याचे जे बोटभर डोंगल हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते, त्यातही डॅक आणि ॲम्प्लिफायर हेच दोन भाग असतात आणि त्यांतली चांगली डोंगले मोजमापात इतकी स्वच्छ निघतात की, साध्या इअरफोनवर त्यांची उणीव कानाला कळणे अवघड असते. डोंगल घेताना एकच पथ्य पाळावे. काही स्वस्त डोंगलांत डॅक नसतोच, नुसती तार असते आणि ती फोनच्या आतल्या डॅकवर विसंबून असते. बऱ्याच फोनमध्ये तशी सोय नसल्यामुळे ती तेथे मुकी राहतात. तेव्हा वेष्टनावर डॅकचा उल्लेख आहे, हे पाहूनच घ्यावे.

जमीन-अस्मानाचा फरक दोन परिस्थितींत पडू शकतो. तुमच्या हेडफोनचा विद्युतरोध 250 किंवा 300 ओहम असेल, तर त्यांना अधिक व्होल्टेज लागते आणि डोंगलचा दम अपुरा पडतो. उलट अतिसंवेदनशील इअरफोन असतील, तर निकृष्ट ॲम्प्लिफायरची बारीक सरसर शांत जागी ऐकू येते. प्रवासात वापरायचे इअरफोन बहुधा 16 ते 32 ओहमचे असतात, त्यांना यातले काहीच लागू होत नाही.

आता तुमच्या कॅसेटविषयी. सीडीवर दर सेकंदाला 44,100 नमुने असतात आणि प्रत्येक नमुना 16 बिटचा असतो. त्यामुळे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत सुमारे 96 डेसिबलचे अंतर मावते. घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेल्या साध्या कॅसेटमध्ये हे अंतर पन्नास-पंचावन्न डेसिबलच्या पलीकडे क्वचितच जाते, कारण त्याच्या खाली फितीची स्वतःची सळसळ असते. म्हणजे कॅसेटमध्ये जे आहे ते सर्व 16 बिटमध्ये मावून वर भरपूर जागा उरते. प्लेअरच्या खोक्यावर छापलेले 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झ हे आकडे तुमच्या वडिलांच्या यमनाला काहीही देऊ शकत नाहीत, कुत्र्यालाही नाही.

जागेचे गणित तर तुमच्या बाजूने आहे. 160 कॅसेटचे 240 तास आणि सीडींचे साधारण तितकेच नाही तरी दीडशे-एकशे साठ तास धरले, तर तुमचा संग्रह 400 तासांचा होतो. सीडीच्या दर्जाचा एक तास न आवळता ठेवला तर 635 एमबी होतो, फ्लॅकमध्ये तो निम्म्याच्या थोडा वर येतो, म्हणून तुमचे 140 जीबी अगदी बरोबर जुळतात. तोच तास एएसी, म्हणजे कानाला सहसा न कळणारा तपशील गाळून फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात, 256 केबीपीएसने केला तर 115 एमबी होतो, म्हणजे सगळा संग्रह 46 जीबी. तुमच्या फोनमध्ये 58 जीबी जागा शिल्लक असेल, तर तो त्यात बसतो. कार्यप्रणालीने खाल्लेली जागा वजा जाता थोडी छायाचित्रे हलवावी लागतील, इतकेच. मूळ फ्लॅक हार्ड डिस्कवर राहू द्यावे, आणि ती हार्ड डिस्क एकच असेल तर आजच दुसरी घ्यावी. प्लेअर नंतर घेतला तरी चालेल.

फ्लॅक आणि एएसी यांतला फरक ऐकू येईल अशी धास्ती वाटत असेल, तर संगणकावर फूबार2000 या मोफत प्रोग्रॅममध्ये आंधळ्या तुलनेची सोय आहे. कोणता तुकडा कोणत्या स्वरूपातला आहे हे न सांगता तो वाजवला जातो आणि आपण ओळखायचे असते. मी स्वतःला फार तयार कानाचा समजत होतो. एका रविवारी ही चाचणी केली आणि त्यानंतर अनेक वस्तू विकत घेण्याचे वाचलो.

राहिला प्रश्न धावत्या डब्याचा. तेथे खर्जाला आणि खालच्या सप्तकाला गाडीचा खडखडाट गिळतो, आणि तो भरून काढण्यासाठी आपण नकळत आवाज चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी 80 डेसिबल, तोही आठवड्यात 40 तासांपर्यंत, अशी आहे, आणि डब्यात खुल्या इअरफोनवर आपण तिच्या बरेच वर जातो. कानात घट्ट बसणारे, योग्य मापाच्या रबरी टोप्यांचे तारेचे इअरफोन बाहेरचा आवाज वीसेक डेसिबलने सहज कमी करतात. तानपुऱ्याची जवारी तुम्हाला प्रवासात ऐकायची असेल, तर पंधरा हजारांतले तीन-चार हजार तेथे घालावेत आणि हजार डोंगलवर. उरलेल्या दहा हजारांत पासाचे पैसे निघतील.

मध्यलय

ओहम यांच्या गणितात चूक काढण्याजोगे काही नाही, तरी माझा सल्ला त्यांच्या उलट आहे आणि त्याचे कारण आवाजाशी संबंधित नाही.

मी चार वर्षांपासून वेगळा प्लेअर वापरतो आहे. सात हजारांना घेतलेला, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, एका कडेला चार बटणे असलेला. फोन गाणे थांबवण्यासाठी खिशातून काढला की तो परत खिशात जाईपर्यंत दहा मिनिटे गेलेली असतात. एक संदेश दिसतो, त्याला उत्तर दिले जाते, मग बातमी, मग आणखी काही, आणि तोपर्यंत गायक बडा ख्याल आटोपून द्रुतमध्ये पोहोचलेला असतो. प्लेअरचे बटण मी खिशाच्या कापडावरूनच चाचपून दाबतो, पडद्याकडे पाहण्याचा प्रसंग येत नाही. तिकीट तपासनीस समोर आला की अंगठ्याने थांबवायचे आणि तो पुढे गेला की त्याच जागेवरून सुरू करायचे. तुम्ही "व्यत्यय" हा शब्द वापरला आहे. फोनला सूचना न देण्याची ताकीद करता येते, हे मला ठाऊक आहे, पण फोनवरून होणारा निम्मा व्यत्यय आपला आपणच करून घेतो आणि त्याला कोणत्याही मेनूमध्ये बटण नाही.

आणखी एक गोष्ट शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने आवर्जून तपासावी. मैफिलीचे ध्वनिमुद्रण सीडीवर घालताना विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये निव्वळ सोयीसाठी रेघ ओढून दोन ट्रॅक केलेले असतात. गायक थांबलेला नसतो, तबलाही थांबलेला नसतो. त्या रेघेवर अर्ध्या सेकंदाची शांतता आली, तर तारांवर कुणी तळहात ठेवावा तसा तानपुरा तुटतो. फ्लॅकमध्ये ही अडचण मुळात नसते, कारण त्यात प्रत्येक नमुना जसाच्या तसा राहतो. एमपीथ्री आणि एएसी बनवताना मात्र फाइलच्या सुरुवातीला व शेवटी थोडी कोरी जागा आपोआप जोडली जाते. ती किती आहे याची नोंद फाइलमध्ये असते, पण ती वाचून तेवढा भाग वगळण्याचे काम वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने करायचे असते, आणि सगळे ते करत नाहीत. म्हणून ओहम यांच्या सांगण्याप्रमाणे सर्व संग्रहाचे रूपांतर करण्याआधी एकच सीडी करून पाहावी आणि तो सांधा ऐकावा. कॅसेटच्या बाबतीत तुमचे भाग्य असे की, एक बाजू एकाच फाइलमध्ये असेल तर सांधाच नाही. तेथे त्याऐवजी असे पाहावे की, पंचेचाळीस मिनिटांच्या फाइलमध्ये तिसाव्या मिनिटाला बंद केलेला प्लेअर दुसऱ्या दिवशी तेथूनच सुरू होतो का. माझा पहिला प्लेअर दर वेळी आलापापासून आरंभ करत असे. तो मी भाच्याला देऊन टाकला.

घेताना दोन जाती लक्षात ठेवाव्यात. एका जातीत छोटा पडदा आणि कंपनीचे स्वतःचे साधे सॉफ्टवेअर असते. ते काही सेकंदांत सुरू होतात, त्यांना इंटरनेटची गरज नसते आणि त्यांत बिघडण्यासारखे फार थोडे असते. दुसऱ्या जातीत अँड्रॉइड असते, म्हणजे तो सिमकार्ड नसलेला फोनच. फियो, हायबी, शानलिंग या चिनी कंपन्या दोन्ही प्रकार बनवतात. सोनीने 2023 मध्ये भारतात आणलेला एनडब्ल्यू-ए306 हा वॉकमन दुसऱ्या जातीचा आहे. त्यात 3.6 इंचांचा पडदा आहे, अंगची साठवणूक 32 जीबी, मेमरी कार्डाची खाच आहे, कडेला खरी बटणे आहेत आणि सीडीच्या दर्जाची फ्लॅक फाइल 36 तास वाजते, असे कंपनी सांगते. वस्तू सुबक आहे, परंतु आली तेव्हाच तिची किंमत पंचवीस हजारांच्या घरात होती, तेव्हा ती तुमच्या मर्यादेबाहेर जाते. माझा स्वतःचा कल पहिल्या जातीकडे आहे. अँड्रॉइडच्या प्लेअरला फोनसारखे नियमित अद्यतन मिळत नाही, चार-पाच वर्षांत त्याची आवृत्ती जुनी होते, ऑनलाइन गाण्यांची ॲप एकेक करून चालेनाशी होतात, आणि ज्या सोयीसाठी दुप्पट पैसे मोजले तीच आधी संपते.

काही जण जुन्या आयपॉडकडेही वळतात. पहिला आयपॉड ऑक्टोबर 2001 मध्ये 5 जीबीच्या फिरत्या तबकडीसह आला आणि मे 2022 मध्ये ॲपलने त्या नावाचे शेवटचे उपकरणही बंद केले, पण 160 जीबीचा क्लासिक अजूनही जुन्या बाजारात सापडतो. तबकडी काढून तेथे मेमरी कार्ड बसवण्याचे जोडभाग मिळतात, आणि रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर घातले की ॲपलने कधी न दिलेली सोय, म्हणजे फ्लॅक वाजवणे, तेही तो करू लागतो. ज्याला स्क्रूड्रायव्हर घेऊन रविवार घालवण्याची हौस आहे, त्याच्यासाठी हा उत्तम मार्ग आहे. ज्याला सोमवारी सकाळी गाडी पकडायची आहे, त्याने यात पडू नये.

तोटाही सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या प्लेअरची बॅटरी फुगली आणि पाठीचे झाकण उचलले गेले. उत्पादकाचे भारतात सेवाकेंद्र नव्हते. त्याच मापाची बॅटरी शोधून ती बसवून देणारा कारागीर मिळायला दीड महिना लागला. फोनच्या बाबतीत असे झाले असते, तर कोपऱ्यावरच्या दुकानात तासाभराचे काम होते. चार्जिंगचा मात्र मुळीच उपद्रव वाटत नाही. तीन दिवसांतून एकदा लावतो.

माजघर

मी या क्षेत्रातली जाणकार नाही, पण एक अनुभव लिहिते. माझ्या आईला, वय 76, मी फोनवर गाणी लावायला शिकवण्याचा दोन वर्षे प्रयत्न केला. जाहिरात मध्येच आली की तिला वाटे आपलेच काहीतरी चुकले, आणि ती फोन उलटा करून ठेवून देई. मग भावाने तिला सारेगामा कंपनीचा कारवाँ, म्हणजे गाणी आतच भरलेला रेडिओसारखा संच, आणून दिला. 2017 मध्ये आलेल्या मूळ हिंदी संचात पाच हजार गाणी भरलेली होती, मराठी गाण्यांचा संच वेगळा मिळतो, आमच्याकडे तो आहे. त्याला एक मोठी गोल कळ आहे. ती फिरवली की गायक बदलतो, एवढेच तिने शिकायचे होते. आता ती पहाटे अभंग लावते आणि भाजी निवडताना नाट्यगीते.

तुम्हाला तो उपयोगाचा नाही, कारण तो टेबलावर ठेवण्याचा आहे आणि तुमच्याजवळ स्वतःचा संग्रह आहे. माझे म्हणणे इतकेच की, एकच काम करणारी वस्तू ऐकणाऱ्याला धाक दाखवत नाही. त्याच्या मागच्या यूएसबी खाचेत मी तिच्या बहिणीने गायलेल्या ओव्यांचा पेनड्राइव्ह लावून दिला आहे. तुमच्या वडिलांच्या ध्वनिमुद्रणांचे वाचून तो आठवला. वडील असतील, तर ती ध्वनिमुद्रणे त्यांनाही अशी सहज ऐकता येतील असे पाहावे.

ओहम

मध्यलय यांचा सांध्याचा मुद्दा मी लिहायला हवा होता, विसरलो. त्यांचे म्हणणे मान्य आहे.

पण मग घाटमाथा यांनी पैसे खर्च करण्याआधी घरातला खण उघडून पाहावा. 2016-17 च्या सुमाराचा जुना फोन बहुतेकांच्या घरी पडून असतो. त्याला गोल छिद्रही असते आणि मेमरी कार्डाची खाचही. सगळे पुसून, सिमकार्ड न घालता, विमान मोड कायमचा लावून त्यात गाणी वाजवणारे एकच ॲप ठेवले, तर तो वेगळा प्लेअरच होतो. त्यावर पार्सलवाला येत नाही. ॲप पार्श्वभूमीत मध्येच बंद पडत असेल, तर ते ॲपचे दुखणे नसते. बॅटरी वाचवण्यासाठी फोनच त्याला मारतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरते बॅटरीचे निर्बंध काढून टाकावेत. दोन-तीन आठवडे असे वापरून पाहिल्यावर तुम्हाला नेमके काय हवे आहे, आवाज, जागा, बटणे की फक्त शांतता, ते आपोआप कळेल.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सुचवलेले करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे योग्य वाटले नाही.

आंधळी तुलना केली. घरी, रात्री अकरानंतर, पंखा बंद करून. दहांपैकी पाच वेळा बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. आवाजासाठी प्लेअर घेण्याचा विचार त्या रात्रीच सोडला. डोंगल आणि कानात नीट बसणारे इअरफोन मिळून साडेचार हजारांना घेतले. पहिल्याच दिवशी ठाण्याच्या पुढे लक्षात आले की मी आवाज नेहमीपेक्षा बराच खाली ठेवला आहे आणि तरीही तानपुऱ्याचा खर्ज वेगळा ऐकू येतो आहे. डोंगलची गैरसोय एकच आहे. ते लावले असताना फोन चार्ज करता येत नाही, आणि गर्दीत उतरताना कुणाच्या तरी पिशवीला तार अडकून खाच सैल होईल, अशी धाकधूक राहते.

मग पत्नीचा जुना फोन शोधून काढला. ओहम यांनी सांगितले त्याप्रमाणे तो रिकामा केला आणि कार्ड घातले. व्यत्यय संपूर्ण थांबला. अडचण बॅटरीची आहे. आठ वर्षे जुना असल्यामुळे तो चार तासांत मान टाकतो, आणि बटणे नसल्याने पडदा उजळवून, कुलूप उघडून मग थांबवावे लागते. मध्यलय यांनी लिहिलेली खिशावरून बटण दाबण्याची गोष्ट मला तेव्हा जराशी हौसेची वाटली होती. कर्जतला गाडी थांबल्यावर एका हातात वडापावचा कागद आणि दुसऱ्या हातात चहा असताना एका सहप्रवाशाने काहीतरी विचारले, आणि त्याच्याशी बोलत असताना मारव्याचा अख्खा आलाप माझ्या कानांत वाया गेला, तेव्हा ती पटली.

तेव्हा निर्णय असा की, पहिल्या जातीचा, बटणांचा, आठ हजारांपर्यंतचा छोटा प्लेअर घेतो आहे, आणि दुसरी हार्ड डिस्क त्याच्याही आधी घेतली. वडील आहेत. त्यांच्यासाठी कॅसेटच्या फाइली पेनड्राइव्हवर घालून दिल्या. पहिली बैठक ऐकताना त्यांनी त्या खोकणाऱ्याचे नाव सांगितले.

आता एक शेवटची शंका आहे. माझ्या फाइलींची नावे आणि आतल्या नोंदी मी मराठीत लिहिल्या आहेत. दुकानात एका प्लेअरमध्ये कार्ड घालून पाहिले, तर सगळीकडे नुसते चौकोन दिसले. दुसऱ्यात अक्षरे आली, पण "किशोरी" या शब्दातली पहिली वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसली आणि "ख्याल"मधला ख पाय मोडून उभा होता. यावर उपाय आहे का?

जुनी टेप

मी या वाटेने गेलो आहे, म्हणून लिहितो. चौकोन दिसतात ते त्या प्लेअरच्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, देवनागरी नसल्यामुळे. वेलांटी चुकते आणि जोडाक्षर फुटते ते टंक असूनही अक्षरे जुळवणारी यंत्रणा नसल्यामुळे. फोनमध्ये ती यंत्रणा कार्यप्रणालीतच असते, छोट्या प्लेअरमध्ये बहुधा नसते, आणि आपल्याला ती वरून घालता येत नाही. म्हणून मूळ संग्रहातल्या मराठी नोंदींना हात लावू नये. प्लेअरसाठी वेगळी प्रत करावी आणि एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅमने फक्त त्या प्रतीतल्या नोंदी रोमन लिपीत कराव्यात. स्पेलिंग एकदा ठरवून ते कागदावर लिहून ठेवावे, नाहीतर एकच राग यादीत तीन ठिकाणी दिसतो. मी गायकाच्या रकान्यात गायक, अल्बमच्या रकान्यात राग आणि वर्ष, आणि संगीतप्रकाराच्या रकान्यात गाण्याची वेळ लिहितो, म्हणजे सकाळी गाडीत बसल्यावर सकाळचे राग एका जागी मिळतात. तेही नको असेल, तर फोल्डरनुसार शोधण्याची सोय असलेला प्लेअर घ्यावा आणि फोल्डरांची नावे रोमनमध्ये ठेवावीत. तुमच्यासारख्या संग्रहाला तेच सर्वांत सोपे पडते.

कार्डाविषयीही सांगतो. 256 जीबीचे कार्ड फार स्वस्तात मिळत असेल, तर ते घेऊ नये. मी एका संकेतस्थळावरून घेतलेले तसले कार्ड संगणकात 256 जीबी दाखवत होते, प्रत्यक्षात 32 जीबी भरल्यानंतरच्या सगळ्या फाइलींची केवळ नावे उरली होती आणि आत काहीच नव्हते. नवे कार्ड आणल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम आधी चालवावा. तो संपूर्ण कार्ड भरून परत वाचून पाहतो, त्याला काही तास लागतात, तेवढे द्यावेत. 64 जीबी आणि त्यापुढची कार्डे एक्सफॅट पद्धतीने आखलेली, म्हणजे फॉरमॅट केलेली, येतात. प्लेअरला ती पद्धत वाचता येत नसेल, तर कार्ड फॅट32 मध्ये आखून घ्यावे लागते, आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तुमची पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू त्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा ती चिंता नको. मात्र खरेदीपूर्वी तुमचेच कार्ड, सर्व फाइलींसह भरलेले, दुकानात घेऊन जावे आणि प्लेअर त्याची यादी पूर्ण करतो का, ते तेथेच थांबून पाहावे. काही स्वस्त प्लेअर ठरावीक संख्येनंतर पुढच्या फाइली मोजतच नाहीत.